सासूबाईंच्या गाडीचं डावं चाक

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळं घर म्हणायचं. जावईबापूंना ते पटत नव्हतं. तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवणाऱ्या बाईला बाहीवरची टीप सुतभर तिरकी गेलेली दिसेल. गाडीच्या चाकातलं तिला काय कळणार?

हा विचार त्यांना सुचला तो खांबाला धडकल्यावर. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली होती आणि अर्ध्या तासात जावईबापूंनी पुढचं उजवं चाक पार्किंगच्या खांबावर आपटलं होतं. ओरखडा म्हणून नव्हता, पण गाडी रुसल्यासारखी उजवीकडेच जायला लागली. हे कळलं तर किल्ली पुन्हा मिळणं विसरायचंच.

ते तडक गॅरेजात गेले. मिस्त्रीने चारही चाकांना यंत्र लावलं, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. उजवीकडचा मार आजचा आहे, म्हणाला, पण डाव्या चाकालाही जुना मार दिसतोय. तो तसाच राहू द्यायचा का?

"सगळं सरळ करा," जावईबापू उदारपणे म्हणाले. "घरचीच गाडी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दुकानाला निघाल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. गळ्यात टेप तशीच.

"जावईबापू, गाडी कुठं ठोकलीत?"

"छे हो आई, एक ओरखडा तरी दाखवा."

"ओरखड्याचं कोण बोलतंय? तीन वर्षं ही मला डावीकडे ओढतेय आणि मी तिला उजवीकडे रेटतेय. आज सवयीनं रेटली, तर थेट समोरच्या कुंपणावर निघाली. गाडी काही आपणहून सुधारत नाही."

जावईबापूंनी सगळं कबूल केलं, मिस्त्री डाव्या चाकाबद्दल काय म्हणाला तेही. सासूबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. सासरे पेपर वाचत होते.

"डावं मी ठोकलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना अजून पत्ता नाही."

तीन वर्षं शेजारी नवरा बसवून वाकडी गाडी सरळ चालवायची, आणि त्याला संशयही येऊ द्यायचा नाही! जावईबापूंनी मनोमन हात जोडले. तेवढ्यात त्यांच्या हातात किल्ली पडली. त्यांची छाती फुगली.

"आई, एवढा विश्वास?"

"विश्वास कसला? सरळ गाडी आता मला चालवता येईना. हात बसेपर्यंत रोज सातला मला दुकानात सोडायचं."

याला चार महिने झाले. हात अजून बसतोच आहे.