केळकरांचे ड्रमर

केळकर रेकॉर्ड लावायचे आणि दोन मिनिटांत उठून तिला खडसावायचे, "खोटं बोलू नकोस!" कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत राहायला आलो त्या पहिल्याच दुपारी भिंतीपलीकडून हे ऐकलं आणि मी बायकोला म्हटलं, शेजारी नवरा-बायकोचं जोरात पेटलंय. पुढे कळलं, केळकर एकटेच राहतात. लग्नच केलेलं नाही. भांडण चाललं होतं ते जॅझच्या एका ड्रमरशी.

पॉलिटेक्निकात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात त्यांनी कुणा परदेशी ड्रमरला तीन फुटांवरून ऐकलं. मग हौसेने त्याचीच रेकॉर्ड आणली आणि त्यांचा माणुसकीवरचा विश्वास उडाला.

"अहो कुलकर्णी, स्टुडिओत ड्रमरला काचेच्या खोलीत वेगळा कोंडतात. बाकीचे दुसऱ्या खोलीत. मग तिसराच कोणीतरी बटणं फिरवून त्यांचा संसार जुळवतो. असला संसार ऐकायचा कशाला?"

"पण समोर वाजवताना चुकतो की माणूस."

"चुकू द्या! चुकला की घाम फुटतो त्याला. रेकॉर्डवर घाम कुठाय?"

न आवडलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच शब्द : डबाबंद. आमरसाला म्हणाले तर ठीक आहे. पण सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी मोबाइलवर बघून अहवाल वाचला तेव्हाही मागून आवाज आला, "डबाबंद!" माझ्या मुलीच्या लग्नात सनई स्पीकरवर लावली होती, तेव्हा त्यांनी हे थेट व्याह्यांनाच ऐकवलं. व्याही अजून विचारतात, ते गृहस्थ नक्की तुमच्याकडचेच होते ना?

गेल्या दोन-तीन वर्षांत हे फारच वाढलं. त्यांनी प्लेअरची सुई बदलली, मग स्पीकर बदलले, मग दुरुस्तीवाल्याशी भांडले. शेवटी रेकॉर्ड लावणंच बंद केलं.

एका रविवारी दुपारी ते मला कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत घेऊन गेले. ड्रमवर पंचविशीची मुलगी होती. आठवडाभर आयटीत नोकरी, रविवारी हे. केळकरांनी खुर्ची उचलून तिच्या अगदी पुढ्यात टाकली. मोठ्या ड्रमचा ठोका पडला की त्यांचा हात पोटावर जायचा आणि चेहरा उजळायचा. "इथे वाजतं बघा, इथे!"

मग तिने काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. अख्खा कॅफे चूप झाला. केळकर पुढे झुकले. आणखी झुकले. आणि त्या शांततेत त्यांनी मला मोठ्यांदा विचारलं, "थांबली का हो ती?"

ती वाजवत होती.

लोक हसले. मुलगी हसली नाही. केळकरांनी तिच्या हलणाऱ्या हातांकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि उचललेला पाण्याचा ग्लास तोंडाला न लावताच खाली ठेवला.

बाहेर आलो. रिक्षा बोलवावी म्हणून मी मोबाइल काढला, तर ते फुटपाथच्या कडेला बसले.

"बारीक आवाज गेले," ते म्हणाले. "आधी झांजा गेल्या. मला वाटलं, सुई झिजली. मग ब्रश गेले. वाटलं, स्पीकर भिकार. दोष आपल्यात आहे हे सुचायलाच फार दिवस लागले. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाहीत."

"कानाला मशीन लावून पाहिलंत?"

"पाहिलं. पत्र्यावर तांदूळ ओतल्यासारखं ऐकू येतं." त्यांनी कॅफेच्या दाराकडे बोट केलं. "इथे निदान हात दिसतात. जुनं आठवून जुळवतो मी. आज ते जुळेना."

मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही.

"कशी वाजवत होती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... कोणी हळूहळू तांदूळ पाखडतंय तसं. नाही, त्याहून मऊ. निजलेल्या बाळाला थोपटतात ना, तसं."

त्यांनी डोळे मिटले. "घाई करत होती?"

"नाही."

"आणि थांबली कशी?"

मी आठवून पाहिलं. "थांबली कधी ते कळलंच नाही."

"मग चांगली आहे," केळकर म्हणाले.

रिक्षा आली. कोथरूड मागे पडलं. मग ते बाहेर बघतच म्हणाले, "कुलकर्णी, पुढच्या रविवारी मोकळे आहात का?"