साहेबाला जुलाब

माझा थोरला चुलतभाऊ शिरपतदादा नदीवरच्या पाणी ओढायच्या इंजिनाला ‘साहेब’ म्हणायचा, आणि साहेबासमोर विडी ओढायचा नाही. तल्लफ आली की करंजाच्या झाडामागं जायचा, ओढायचा आणि तोंड पुसून परत यायचा. कुणी म्हटलं, ‘दादा, इंजिन काय बघतंय काय?’ तर म्हणायचा, ‘तू सासऱ्यासमोर ओढतोस काय? मग गप ऱ्हा.’

नाते गावाच्या अलीकडं, गांधारी नदीच्या काठी आमचं गाव. इंग्रज जाऊन दहाबारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडं उन्हाळी पीक म्हणजे बायकांनी हंड्यांनी पाणी वाहून जगवलेली थोडी मिरची. भात कापलं की गडी मुंबईची वाट धरायचे. त्या काळात आमच्या दादानं इंजिन आणलं. बैलगाडीपुढं चालत आला आणि गाडीवानाला सारखा सांगत होता, ‘हळू रे, पाठीमागं साहेब हाय!’ तेव्हापासून ते नाव पडलं.

मी दोन यत्ता शिकलेला माणूस. शुद्ध-अशुद्ध तुम्ही बघून घ्या. पण एक गोष्ट छाती काढून लिहितो. आमच्या इंजिनाला कधी फिटरचा हात लागला नाही. तेल बदली करायचं ते आमचं आम्ही. आमचं म्हणजे दादानंच. माझा मळा त्याच्याच पाण्यावर होता, तरी मलासुद्धा तो हात लावू देत नसे. मी बाजूला बसायचं आणि बघायचं.

तेल बदलण्याला दादा ‘साहेबाला जुलाब देणं’ म्हणायचा. त्या दिवशी सकाळी नदीवर अंघोळ आणि अंगात धुतलेली बंडी. ती दुपारपर्यंत काळी व्हायची, ते वेगळं. आधी साहेबाला थोडा वेळ चालवायचं. ‘अंग गरम झाल्याबिगर पोट सुटत नाय.’ मग बंद करायचं, खाली घमेलं सारायचं आणि पान्यानं पोटाचं बुच काढायचं. काळं तेल भळभळ पडायला लागलं की दादाच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसायचं, जणू त्याचाच कोठा साफ झाला. धार बारीक व्हायची, मग थेंब थेंब. शेवटचा थेंब पडेपर्यंत हा उकिडवा बसून. मी म्हणायचो, ‘झालं की दादा, लाव बुच.’

‘तुला कुणी अर्ध्यातनं उठवला तर चालंल काय रे?’

मग थोडं नवं तेल वरून सोडून खालून काढायचं. ही साहेबाची चूळ. त्यानंतर बुच घट्ट करायचं, तेल मापायच्या काठीवरच्या खुणेपर्यंत तेल भरायचं आणि हँडल मारायचं.

ते काळं तेल सगळ्या गावाला हवं असायचं. कुणाला गाडीच्या आसाला, कुणाला दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून. माणसं करवंट्या घेऊन काठावर जमायची आणि दादा देवळातल्या तीर्थासारखं वाटायचा. वर बजावायचा, ‘साहेबाच्या पोटातलं हाय. कुत्र्याच्या खरजेला लावलंत तर याद राखा!’

सगळे ऐकायचे, एक सरूवहिनी सोडून. ती दादाची बायको. ती मिरचीच्या वाफ्यातूनच बोलायची, ‘साहेबाला डबा भरून तेल. मी केसांना पळीभर खोबरेल मागितलं तर म्हणतात, परवाच घेतलंस ना गो?’

‘तू काय पाणी ओढतेस?’

‘मग घरातलं पाणी इतकी वर्सं कोण ओढतंय? साहेब?’

काठ हसायचा. दादा पाना पुसत बसायचा.

दादाचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. एका शिमग्याला तो घरी आला आणि बाप उंबऱ्याला ठेचकाळताना त्यानं पाहिला. तो म्हणाला, ‘बाबा, डोळ्यांनी दिसत नसेल तर सरळ सांगा. इंजिन विकून टाकू. तुम्ही दोघं चला मुंबईला.’

‘माझे डोळे? तुझ्या मिशीतल्या उवा मोजून दाखवू?’ दादा म्हणाला.

मुलगा हसला, पण जाताना मला बाजूला घेऊन सांगून गेला, ‘काका, लक्ष ठेवा. काही चुकलं की कळवा. मी येऊन घेऊन जातो.’

मी मान हलवली. दादाचे डोळे जातील आणि मला कळणार नाही, असं होईल का?

पाडवा होऊन गेला आणि साहेबाच्या जुलाबाचा दिवस आला. करवंट्या जमल्या. काळं तेल पडलं, चूळ झाली. तेवढ्यात वहिनीनं पुन्हा खोबरेलाचा विषय काढला, दादानं तोंडाला तोंड दिलं आणि त्या नादात बुच लावायचं राहून गेलं. असं कुणाचंही राहील. दादानं नव्या तेलाचा डबा वर तिरपा केला. खाली घमेल्यात पिवळीधमक धार लागली, मधासारखी. ओततोय तेवढं सगळं खाली. आणि हा त्या धारेकडं तोंड करून म्हणतोय, ‘पी बाबा, पी. पोटभर पी.’

बुच विसरतं कुणीही. पण समोर पडणारी धार दिसू नये?

डबा रिकामा झाला. दादा हँडलला हात घालायला उठला. तसंच फिरवलं असतं तर साहेब जागच्या जागी जाम झाला असता. पाण्यावाचून दादाची मिरची गेली असती, माझी गेली असती, आणि आठवड्याच्या आत दादा मुंबईला. लोक बघत होते. मी ओरडलो, ‘थांब दादा! बुच मी लावतो. मला येतंय काय बघायला तू मुद्दाम काढून ठेवलंस, कळलं मला!’

दादाचा हात हँडलवर तसाच राहिला. त्यानं माझ्याकडं तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. मग त्यानं घसा खाकरला आणि काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘मग? इतकी वर्सं बसून काय शिकलास ते बघायला नको? मेल्या, नापासच व्हायचास!’

लोक मला हसले. मी हट्टी माणूस, कुणाचं हसणं खपवून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

घरून दुसरा डबा आणला. बुच मी घट्ट केलं.

‘पाना उलटा धरलायस.’

‘तुला काय ठाऊक?’

‘कुरकुरला.’

खुणेपर्यंत तेल भरलं आणि हँडल मारलं. दोनदा खोकून साहेब धडधडायला लागला. दादाशिवाय दुसऱ्या माणसाच्या हातानं! आज एवढा म्हातारा झालो, पण तो आवाज आठवला की अजून पाठ सरळ होते.

माणसं पांगली. आम्ही दोघं इंजिनापाशी राहिलो.

‘पोराला कळवणार?’ दादानं विचारलं.

‘काय कळवू? काका नापास झाला म्हणून?’

त्यानं पाना चिंधीनं पुसला. मग म्हणाला, ‘बरं, आणखी एक परीक्षा. पाणी कुठवर गेलं?’

‘कडेच्या वाफ्यात शिरलं.’

‘मिरची?’

‘लाल व्हायला लागलीय.’

‘समोरचा गड दिसतो?’

‘धुरकट हाय.’

‘बरोबर,’ दादा प्रत्येक वेळी मास्तरासारखा म्हणे. मग अडखळला. ‘आणि तुझी वहिनी?’

‘मिरच्या खुडतेय.’

‘लुगडं कुठल्या रंगाचं नेसलीय?’

मी बघितलं. ‘जांभळं. लाल काठाचं. नवं दिसतंय.’

‘पाडव्याचं असंल. सारखी विचारते, कसं दिसतंय म्हणून. मी म्हणतो, ठीक हाय.’ त्यानं बंडीला हात पुसले. ते पुसलेलेच होते. ‘कसं दिसतंय रे?’

‘शोभतंय तिला.’

दादा उठून उभा राहिला आणि साहेबाच्या धडधडीवर आवाज चढवून ओरडला, ‘अगो! जांभळं लुगडं चिखलात भरवू नको! चांगलं दिसतंय तुला!’

वहिनी मिरच्यांत ताठ उभी राहिली. मग पदर पुढं ओढून पुन्हा खाली वाकली, आणि खुडून संपलेल्या एकाच रोपाशी कितीतरी वेळ मिरच्या शोधत राहिली.