मुकादमाच्या गळ्यातली घंटा

“लिही,” दादा म्हणाला. “गुन्हेगारांचा कर्दनकाळ, स्वल्पविराम, नजर घारीची, बुद्धी तलवारीची आणि काळीज सिंहाचं. कार्यालय अद्ययावत. टेबल, खुर्ची, भिंग आणि अशील आल्याची वर्दी देणारी व्यवस्था. कृपया दार ढकलून आत यावे.”

धाकटीने निमूटपणे पाटीवर लिहिलं. सिंहाचं काळीज असलेला हा तिचा मामेभाऊ गेल्याच महिन्यात एका बेडकाला घाबरून घोड्यावरून उतरला होता, तेही घोडा पळत असताना. तेव्हा तो पर्यटकांना घोड्यावरून बेटाची चक्कर घडवून आणायचा. त्या दिवशी तो सहा जणांना घेऊन गेला आणि चौघांना घेऊन परतला. उरलेल्या दोघांना त्यांच्या घोड्यांनी दुपारी आपणहून घरी आणलं. तेव्हापासून आईने, म्हणजे त्याच्या आत्याने, त्याला घोड्यांच्या जवळपास फिरकू दिलं नव्हतं. मग त्याने अंगणाच्या टोकाची रिकामी दाणाखोली बळकावली आणि सोमवारी दुपारी तिचं गुप्तहेराचं कार्यालय झालं. साहाय्यक म्हणून धाकटीची नेमणूक झाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

आईकडे पर्यटकांना फिरवणारे सात घोडे होते आणि लोकांनी टाकून दिलेली, मारून लंगडी केलेली, समुद्रकाठी बेवारस सापडलेली अकरा गाढवं. शिवाय बाईसाहेब होती. ही म्हातारी घोडी जवळजवळ आंधळी होती. पूर्वीच्या मालकाने तिला दोराने ओढून ओढून असं हैराण केलं होतं की आता दोर दिसायची गरजच नव्हती, मानेला नुसता लागला तरी ती चारी पाय रोवून उभी राहायची. ती फक्त मुकादमाच्या मागे चालायची. मुकादम म्हणजे एक कान फाटलेलं, जगावर रुसलेलं गाढव. त्याच्या गळ्यात पितळी घंटा होती. घंटा पुढे, बाईसाहेब मागे, असं चार वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

त्या सोमवारी संध्याकाळी घंटा सापडेना. बाईसाहेब तबेल्यातल्या आपल्या ठाणातून बाहेर पडली नाही. मंगळवारीही पडली नाही. बुधवारी तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही आणि ती सारखी वळून आपल्या पोटाकडे बघायला लागली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाला बराच वेळ नळी लावून ऐकलं. “आतडी थंडावलीत,” त्या म्हणाल्या. “औषध दिलंय, पण हिला चालवायलाच हवं. उद्या दुपारपर्यंत चालली नाही, लीद पडली नाही, तर चारच्या बोटीने पलीकडच्या दवाखान्यात न्यावी लागेल.”

“आणि नेली तर?” आईने विचारलं.

“आंधळी, म्हातारी, त्यात बोट हलणार. मी खोटी आशा दाखवत नाही.”

आईने बाईसाहेबच्या कपाळावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढला नाही. धाकटीला तिथे उभं राहवेना.

घरातल्यांनी काय काय केलं नाही? सायकलची घंटी वाजवली, ताटावर चमचा बडवला, बकरीवाल्याकडून त्याची घुंगरं मागून आणली. बाईसाहेबने प्रत्येक वेळी कान मागे पाडले. तिला फसवण्याचा हा प्रयत्न तिला आवडला नव्हता.

आणि इथे दादाने प्रकरण हाती घेतलं. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण प्रलयाला तरी कोण बोलावतं?

धाकटी खिडकीतून चढून कार्यालयात शिरली. पुढचं दार वापरायला तिला बंदी होती. “शत्रूची नजर कायम पुढच्या दारावर असते,” असं दादाचं म्हणणं होतं, आणि तो स्वतःही खिडकीतूनच ये-जा करायचा. पुढचं दार अशिलांसाठी राखीव होतं. ते सोमवारपासून कोणी उघडलं नव्हतं.

“हे आतल्याच कोणाचं तरी काम आहे,” दादा भिंगातून स्वतःचा अंगठा बघत म्हणाला. “पण आधी बाहेरचे संशयित संपवू. समोरच्या लॉजमधली ती बाई. घंटेने झोपमोड होते म्हणून तक्रार करून गेली होती. हेतू आहे, संधी आहे.”

“ती रविवारच्या बोटीने गेली, दादा. घंटा सोमवारी हरवली.”

“म्हणजे तिने किती आधीपासून बेत आखला होता बघ.”

दुसरा संशयित नालबंद निघाला. तो बिचारा घोड्याचा खूर मांडीवर घेऊन जुन्या नालाचे खिळे उपटत होता. दादाने त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

“सोमवारी दुपारी तुम्ही काय करत होता?”

“नाल मारत होतो.”

“काल?”

“नाल मारत होतो.”

“आणि उद्या काय करायचा विचार आहे?”

नालबंदाने हातोडीकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं. “अजून ठरवतोय,” तो म्हणाला. दादाने त्याला तात्पुरतं निर्दोष ठरवलं.

मग अकराच्या अकरा गाढवांची ओळखपरेड झाली. गुन्हेगार नजर चुकवतो, या तत्त्वावर दादा प्रत्येकाच्या डोळ्यांत रोखून बघत गेला. दहा गाढवांनी नजर चुकवली. अकराव्याने, म्हणजे खुद्द मुकादमाने, नजर चुकवली नाही, पण दादाची टोपी खाल्ली. त्यावरून दादाच्या बुद्धीच्या तलवारीने नवा वार केला.

“घंटा याने गिळली.”

“नारळाच्या करवंटीएवढी घंटा? स्वतःच्या गळ्यातली?”

“म्हणूनच कोणाला संशय आला नाही. लीद तपासावी लागेल. एकूण एक टोपली.” तो दोन पावलं मागे सरकला. “तू तपास. मी निष्कर्ष काढतो. आणि नीट बघून उचल, पुरावा असतो.”

धाकटीने दोन तास काठीने लीद चिवडली. तिला पुराव्यादाखल एक बटण, एक चमचा आणि आईचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्म्याचा दांडा सापडला. दादा वाऱ्याच्या उलट्या बाजूला नाकावर रुमाल धरून गूढ चेहऱ्याने उभा होता. ती एरवी हसली असती. पण ठाणातून बाईसाहेबच्या कण्हण्याचा आवाज येत होता, आणि तिला दादाचा मनापासून राग आला.

“दादा, ती मरतेय,” ती म्हणाली. “तुझा खेळ होतो.”

दादाने रुमाल खाली घेतला. क्षणभर तो गुप्तहेर वाटला नाही. “मला ठाऊक आहे,” तो पुटपुटला. “घोड्यांना मला हात लावू देत नाही आत्या. मग मी दुसरं काय करू?” आणि लगेच त्याने रुमाल परत नाकाला लावला.

गुरुवारी दुपारचे दोन वाजले. बाईसाहेब जागची हलली नव्हती. बोटवाल्याचा निरोप आला की रुंद फळी टाकून ठेवलीय, घोडी आणा. आईने निरोप ऐकला, पदराने तोंड पुसलं आणि तरातरा अंगण ओलांडून दाणाखोलीकडे निघाली. जनावरांना धीर द्यायची वेळ आणि हा माणूस सकाळपासून गाढवांच्या खुरांचे ठसे कागदावर उमटवत फिरत होता. त्याची आज हजेरी घ्यायची असं तिने ठरवलं होतं. आईचे गुडघे खिडकीतून चढण्यातले नव्हते. पाटीवर लिहिल्याप्रमाणे तिने दार ढकललं.

ठण्ण.

आई उंबऱ्यात थबकली. आत टेबलावर पाय टाकून बसलेला दादा आनंदाने उठून उभा राहिला. “या, बसा,” तो म्हणाला. कार्यालयाची पहिलीच अशील होती ती.

आईने दार मागे ओढलं आणि परत ढकललं. ठण्ण.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी खिंकाळलं. तीन दिवसांत तो आवाज कोणी ऐकला नव्हता. धाकटी वळली, तर ठाणाच्या दारातून बाईसाहेबचं तोंड बाहेर आलं होतं. कान ताठ पुढे, नाकपुड्या फुललेल्या. ती एक पाऊल पुढे आली. मग दुसरं.

“आई, थांबू नकोस,” धाकटी म्हणाली. “दार हलवत राहा.”

आई दार ढकलत राहिली, ओढत राहिली. बाईसाहेब बादलीला अडखळली, सावरली, आणि अख्खं अंगण चालत दाणाखोलीपर्यंत आली. तिने दाराच्या चौकटीला नाक लावलं. मागून मुकादम आला आणि दादाकडे बघत उभा राहिला. या वेळीही त्याने नजर चुकवली नाही.

दाराच्या वर, आतल्या बाजूला, घंटा लटकत होती. काळ्या रंगाची.

“ही कुठून आणलीस?” आईने विचारलं. आवाज फार हळू होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“सोमवारी त्या लिंबाच्या पाण्याच्या टबात पडली होती. मला वाटलं, मोडीत काढलीय.”

खाऱ्या हवेने पितळ हिरवं पडतं, म्हणून दर सोमवारी कड्या, रिकिबी, लगाम, मुकादमाची घंटा, सगळं त्या टबात भिजत पडायचं. चार वर्षं.

“आणि रंग?”

“पितळ फार चमकतं, आत्या. गुप्त वाटत नाही.” मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. “पण मी तर पितळी घंटा शोधत होतो,” तो म्हणाला.

आवाज ऐकून आलेल्या नालबंदाने घंटा उतरवून मुकादमाच्या गळ्यात बांधली. मुकादम निघाला, बाईसाहेब त्याच्या मागे निघाली. अंगणाला एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. बोटीच्या वेळेसाठी परत आलेल्या डॉक्टरीणबाई घड्याळात बघत होत्या. तीन वाजून वीस मिनिटांनी बाईसाहेब बरोबर कार्यालयाच्या दारात थांबली, शेपटी उचलली आणि भरपूर लीद टाकली.

डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. “बोटवाल्याला फळी काढायला सांगा,” त्या म्हणाल्या. आई तिथेच पायरीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली. धाकटीलाही रडू आवरेना, आणि लीद पाहून रडण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

दादा घसा खाकरून पुढे आला. “मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो,” तो म्हणाला. “आतल्याच कोणाचं तरी काम आहे.”

धाकटीने डोळे पुसले. मग तिने कोपऱ्यातली टोपली आणि खराटा आणून त्याच्या हातात दिला.

“नीट बघून उचल,” ती म्हणाली. “पुरावा असतो.”