समुद्र जवळ आहे, पण येऊ नका

जाहिरातीत मला कुणी फसवू शकत नाही! हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण जाहिरातीत लोकांना फसवायचं काम मीच करतो. घरं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत बसून मी घरांची वर्णनं लिहितो. खिडकी लहान असली की मी ‘उबदार’ लिहितो. पलंग टाकल्यावर उभं राहायला जागा उरत नसेल तर ‘आटोपशीर’. घराजवळ चिटपाखरूही फिरकत नसेल तर ‘निवांत’. त्यात खोटं अक्षर नसतं, पण खरंही फारसं हाती लागत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार मात्र हाती लागतो.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या आईने एक मागणी केली. आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे आधी मला कळलंच नाही की ही मागणी आहे. कप विसळता विसळता ती म्हणाली, “एकदा समुद्राच्या आवाजात झोपायचंय रे.”

“जाऊ या की एखाद्या रविवारी!”

“नुसतं बघून परत यायचं नाही. झोपायचं.”

आईची निम्मी हयात एका छापखान्याच्या वरच्या खोलीत गेली. खालच्या यंत्रांची तिला इतकी सवय, की यंत्र थांबलं की तिला जाग यायची. त्या यंत्रांनीच तिचे कान खाल्ले. कानाच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, की ऐकू येणं आता हळूहळू कमीच होत जाणार. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं होतं, आणि घरी येऊन कप विसळायला घेतले होते.

मी लगेच कामाला लागलो. समुद्राकाठचं घर, आईला आवाज येईल असं, आणि आमच्या खिशाला झेपेल असं. म्हटलं, आपल्या धंद्यातली गोष्ट आहे, चुटकीसरशी होईल! जेवणाच्या टेबलाशी बायको जाहिराती वाचायची आणि मी त्यांची पिसं काढायचो.

“‘समुद्राला अगदी लागून’,” बायको म्हणाली.

“मध्ये हमरस्ता असणार. पुढची.”

“‘गच्चीतून समुद्रदर्शन’.”

“गच्चीत स्टूल, आणि स्टुलावर चवड्यांवर उभं राहायचं. पुढची!”

“बाबा, या फोटोत तर लाटा दिसतायत,” आमची पोरगी म्हणाली.

“ते भिंतीवरचं चित्र आहे. खाली खिळा दिसतोय बघ.”

असे आठवडे गेले. शाळेची सुट्टी निम्मी संपली. शेवटी बायको वैतागली. “अहो, तुमच्या हुशारीपायी आपण या टेबलाशीच उन्हाळा काढणार! आईंचे कान तुमच्यासाठी थांबणारेत का?”

हे मला लागलं. कारण खरं होतं.

आणि त्याच संध्याकाळी मला ती जाहिरात दिसली. फोटो एकच, तोही तिरका, त्यात निम्मी जागा कुणाच्यातरी अंगठ्याने अडवलेली. खाली मजकूर: ‘समुद्राकाठी जुनं घर. पाणी खारट. न्हाणीघराचं दार अडकतं. स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नाहीत. समुद्राच्या आवाजाने रात्रभर झोप लागत नाही. विचार करून यावं.’ भाडं आम्हाला सहज परवडेल इतकं!

मी उडालोच. या धंद्यात इतकं खरं लिहिणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. जो स्वतःच्या घराला नावं ठेवतो, तो आपल्याला काय फसवणार? मी लगेच फोन लावला. पलीकडून एका वयस्क बाईंचा आवाज आला.

“जाहिरात नीट वाचलीत ना?” बाईंनी विचारलं.

“वाचली! फार आवडली!”

“काय आवडली? दार अडकतं.”

“अडकू दे!”

“डास आहेत.”

“असणारच!”

“छपराला भोक आहे.”

“वा!”

“वा काय? पाऊस आला तर?”

“उन्हाळ्यात कुठला पाऊस!”

बाईंनी पलीकडे घसा साफ केला. मग म्हणाल्या, “मालकीण फार तापट आहे.”

“आमच्या घरात सगळ्यांना सवय आहे,” मी म्हणालो, आणि बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. फोन ठेवल्यावर मी टेबलावर हात आपटून जाहीर केलं, की माणसाची पारख यालाच म्हणतात.

आता यातली माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नाही. कुणी आपल्याच घराची इतकी निंदा का करावी, हा प्रश्न मला पडलाच नाही. बिनकामाची स्तुती मी ओळखतो. बिनकामाची निंदा माझ्या कधी वाट्याला आली नव्हती.

आम्ही बॅगा घेऊन दारात उभे राहिलो. घर खरंच समुद्राकाठी होतं. दार उघडलं, आणि समोर मालकीणबाई! हातात झारा, पायांत घरातल्या सपाता, आणि मागे गॅसवर मासे तळल्याचा वास.

“तुम्ही खरंच आलात?” त्या म्हणाल्या.

“आलो की! पण तुम्ही अजून...”

“मी इथे राहते!”

हळूहळू सगळा उलगडा झाला. बाईंचा मुलगा लांबच्या शहरात असतो. त्याचा हट्ट, की आईने उन्हाळाभर त्याच्याकडे यावं आणि घर भाड्याने द्यावं. बाईंना घर सोडायचं नव्हतं, आणि मुलाला नाही म्हणवत नव्हतं. म्हणून त्यांनी हो म्हटलं, आणि जाहिरात मात्र स्वतः लिहिली. एकही माणूस फिरकला नाही की विषय आपोआप मिटणार होता. इतके दिवस सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. इतक्या शहाण्या माणसांनी ती जाहिरात वाचून नाक मुरडलं होतं, आणि मी गाठोडं बांधून हजर झालो होतो!

“आता जावं लागणार,” बाई म्हणाल्या. त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी झारा खाली ठेवला, गॅस बंद केला आणि आतल्या खोलीतून एक बॅग ओढत आणली.

आई इतका वेळ दारातल्या खुर्चीवर बसून होती. तिला निम्मंच ऐकू आलं होतं, पण बॅग दिसली. ती एकदम मोठ्याने म्हणाली, “मी नाही इथे झोपणार.”

“अगं आई, समुद्र बघ, इथेच तर...”

“एका बाईला तिच्या घरातून काढून मी तिच्या खाटेवर झोपू? चल परत.”

बायको माझ्याकडे पाहत होती. पोरगी समुद्राकडे पाहत होती. मी छपराचं भोक शोधत होतो, पाहायला काहीतरी हवं म्हणून.

मालकीणबाईंनी आईकडे पाहिलं. “कान गेलेत का तुमचे?”

“जाताहेत,” आई म्हणाली. “म्हणून तर आले.”

मग त्यांनी बॅग पायाने परत आत सरकवली. “माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. खिडकीशी. बाकीच्यांनी बाहेरच्या खोलीत पसरावं कुठेही.”

तर असे आम्ही पाच जण त्या घरात राहिलो. जाहिरातीतलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. पहिल्याच संध्याकाळी बायको न्हाणीघरात अडकली आणि मी बाहेरून ढकलत, ती आतून ओढत, असं आमचं बराच वेळ चाललं. दार आत उघडतं की बाहेर, हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही! स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नव्हती. मालकीणबाई एकट्याच दोघींइतकी जागा घ्यायच्या. खारट चहा प्यायल्यावर पोरगी म्हणाली, “समुद्र घरात आलाय.” बाई पहिल्यांदा हसल्या.

सकाळी मी आईला विचारलं, “झोप लागली का?”

“छे! झोपले कशाला? ऐकत होते.”

“मी जाहिरातीत लिहिलं होतं,” मालकीणबाई आतून ओरडल्या.

आईचा चेहरा इतका निवळलेला मी फार वर्षांत पाहिला नव्हता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच डास मारला.

आणि तेवढ्यात मालकीणबाईंच्या मुलाने भाडेकरूंची चौकशी करायला घरच्या फोनवर फोन केला! त्याची आई अजून घरातच आहे, हे त्याला माहीत नव्हतं; ती गाडीत बसली असेल, असंच तो धरून होता. मालकीणबाईंनी फोन माझ्या हातात कोंबला आणि कुजबुजल्या, “वाईट सांगा.”

“कसं आहे घर?” मुलाने विचारलं.

“भयंकर!” मी म्हणालो. “पाणी खारट, डास, काल माझी बायको न्हाणीघरात कोंडली गेली!”

“एवढं वाईट? मग विकूनच टाकू या!”

मालकीणबाईंच्या तोंडचा रंग उडाला.

“नाही, नाही!” मी घाईघाईने म्हणालो. “दार अडकतं, पण काय लाकूड आहे! हवा तर अशी खेळती...” आणि माझी जीभ सवयीने घसरली. उबदार, आटोपशीर, निवांत, सगळं बाहेर पडलं. छपराच्या भोकातून चांदणं येतं असंही मी म्हणून गेलो!

“इतकं छान?” मुलगा खूश झाला. “मग बाराही महिने भाड्याने देतो. आई कायमची माझ्याकडे राहील.”

मालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की झारा हातात नव्हता हे माझं नशीब. मी पुढे काय बोलणार? वाईट सांगितलं तर घर जातं, चांगलं सांगितलं तर बाई जातात. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे शब्दच उरला नाही.

आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. तिला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, त्यामुळे ती सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी बोलते.

“बाळा, तुझी आई इथेच आहे. तिने मला तिच्या खोलीत झोपवलं. तू तिला इथून का हलवतोस?”

मग मुलगा हळू आवाजात काहीतरी बोलला. आईला ते ऐकू आलं नाही, म्हणून फोन पुन्हा माझ्या कानाशी आला.

“भाड्यासाठी नाही हो,” तो म्हणत होता. “ती तिथे एकटी असते. रात्री मला इकडे झोप लागत नाही.”

मी ते मोठ्याने सांगितलं. मालकीणबाई खाली बसल्या.

“मला वाटलं, त्याला घर हवंय,” त्या म्हणाल्या.

“मग एकट्या राहू नका,” आई म्हणाली. “येऊ देत माणसं. तुम्ही खोली सोडू नका.”

“माझ्या घरात परकी माणसं? खारट चहा पितील, दार ओढतील, उगाच छपराची स्तुती करतील...” बाई थांबल्या. आईकडे पाहिलं. “बघते,” म्हणाल्या.

परत आल्यावर मी उपकाराची परतफेड म्हणून नवी झकास जाहिरात लिहून पाठवली. बाईंनी ती परत पाठवली. जुनीच ठेवली, आणि शेवटी एक ओळ घातली: ‘मालकीण घरातच राहते. जमत असेल तर या.’ आणि लोक येतात! माझ्या इतक्या वर्षांच्या ‘उबदार’ला कधी आले नसतील इतके.

या वर्षी आईशी अगदी कानाशी जाऊन बोलावं लागतं. उन्हाळा लागताच मी फोन केला.

“आईंना लगेच पाठवा,” मालकीणबाई म्हणाल्या. “खिडकीची खाट मी कुणाला देत नाही. सूनबाई आणि नातही येऊ देत.”

“आणि मी?”

“तुमच्यासाठी जागा नाही. तुम्ही फार बोलता.”

मला वाटलं, थट्टा करतात. नव्हत्या करत!

काल आईचा तिथून फोन आला. “ऐक,” ती ओरडली, आणि तिने फोन खिडकीबाहेर धरला. मी डोळे मिटून, सगळा जीव कानात आणून बसलो. लाट कुठे ऐकू येते का म्हणून वाट पाहिली. आणि मालकीणबाईंचा स्पष्ट, खणखणीत आवाज आला, “त्यांना म्हणावं, ऐकलंत तेवढं पुरे!”