इंदुकाकूंची प्रयोगवही

इंदुकाकू जिन्यात भेटल्या की "कशी आहेस?" वगैरे विचारत नसत. "तारीख?" एवढंच. तेही वरच्या मजल्यावरून, मोठ्यांदा. खाली टाकीत पाणी आलं का बघायला बिल्डिंगमधले सगळे पुरुष जमलेले. मी बावीस वर्षांची, बँकेत नुकतीच चिकटलेली. चार बोटं दाखवून मान खाली घालून पळायची.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. गिरगाव सोडून आम्ही नवघरला ब्लॉक घेतला होता. माझी पाळी दोन-दोन महिने येत नाही, हे आईनं शेजारधर्म म्हणून काकूंच्या कानावर घातलं आणि मी त्यांच्या प्रयोगात ओढली गेले.

काकू शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. यजमान गेले, मग नोकरी संपली, पण प्रयोग सुटला नाही. जंगलाकडच्या चेणे गावची एक म्हातारी "ताजी हाय बाय" म्हणत अशोकाची साल आणून द्यायची. आठ कप पाण्याचा दोन कप काढा. पाणी दिवसाआड यायचं, तरी काकू स्वतःच्या हंड्यातलं घालायच्या. मग वहीत नोंद. साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं रीतसर. गुप्तता म्हणून बायकांची नावं नव्हती. ब्लॉक नंबर होते!

कुणी शंका काढली की त्यांचं ठरलेलं उत्तर, "मी सांगत नाही, वही सांगते."

तो काढा इतका कडू की पहिल्या घोटाला मला उलटी झाली. दुसऱ्या दिवसापासून मी तो मोरीत ओतू लागले आणि गुपचूप स्टेशनजवळच्या लेडी डॉक्टरकडे गेले. तिच्या गोळ्यांनी पाळी मार्गाला लागली. काकूंनी विचारल्यावर मात्र म्हटलं, "काढ्यानंच हो." त्यांनी आनंदानं माझी पाठ थोपटली आणि लिहिलं, 'तीनशे चार. गुण आला.' अकरापैकी अकरा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गप्प बसले.

पुढच्याच महिन्यात खालच्या जिग्नाबेन काकूंकडे आल्या. तीन आठवडे त्यांचं अंगावरून जात होतं. पर्समध्ये मोठ्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी होती.

काकूंनी मला हाक मारून समोर उभं केलं. "ये देखो, तीन सौ चार. दो महिने में एकदम फर्स्टक्लास."

"सच्ची ना?" जिग्नाबेननी विचारलं. मी मान डोलावली. त्या खुशीत येऊन चिठ्ठी फाडायला लागल्या तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"मत फाडो. काढा मैंने पिया ही नहीं. मोरी में डाला. डॉक्टर की गोली से ठीक हुआ."

काकूंनी हातातली वही मिटली. मग जिग्नाबेनना म्हणाल्या, "आज ही जाओ. मैं साथ आती है." आणि खरंच चपला घालून निघाल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या वही घेऊन दारोदार फिरल्या. "रागावणार नाही, खरं सांगा." रविवारी दुपारी आमच्याकडे आल्या आणि निकाल सांगितला. सात जणींनी काढा ओतून दिला होता. तिघींनी प्यायला, फरक शून्य, पण काकूंना वाईट वाटेल म्हणून 'हो' म्हटलं. एकीची पाळी मात्र अगदी वेळेवर येत होती. काढ्याआधीही येत होती.

मी हसू दाबलं. काकूंनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. ब्लॉक नंबर तीनशे तीन. त्यांचा स्वतःचा, त्या अकरांत न धरलेला.

"नऊ वर्षं प्यायले गं. सासूबाई करून द्यायच्या. कधी नीट आली नाही, मूलही झालं नाही. त्या म्हणायच्या, सगळ्यांना गुण येतो, तुझंच शरीर नाठाळ. मला ते पटलं होतं. तुमचं एकेकीचं 'गुण आला' लिहिताना दर वेळी वाटायचं, बघ, सगळ्यांना येतो. तुलाच नाही."

मला मान वर करवेना. माझ्या त्या एका 'हो'नं मी त्यांना काय केलं होतं, ते आत्ता कळत होतं.

"म्हणजे माझ्यातच खोट होती असं नव्हतं ना, वसू?"

"नव्हतं हो काकू."

त्यांनी त्या पानावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "आधी नाही का गं सांगायचं?"