वानखेडे काका आणि माझ्या तारा

वानखेडे काकांना नुसतं "चहा झाला का?" विचारलं, तरी आधी हुकूम सुटतो, "मेसेज रिपीट!" आपण पुन्हा विचारायचं, ते तेच शब्द म्हणून दाखवणार, मग उत्तर. त्यांची सगळी नोकरी रोलिंग मिलमध्ये गेली. तिथे फोनवरचा निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नसे. रिटायर होऊन नेहरू नगरात आमचे शेजारी झाले, तरी त्यांची मिल चालूच.

लेकीच्या दातांच्या तारा निघाल्या आणि पंचेचाळिशीत मला लागल्या. 'श' म्हटलं की शिट्टी, 'च' म्हटलं की फवारा. मी तोंडावर हात धरून बोलू लागले. बोलणंही कमी झालं, त्यामुळे नवरा खुशीत होता. पण पुतणीच्या लग्नात विहारात 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण मी म्हणायचं होतं, आणि 'सरणं'चं माझ्या तोंडून 'थरणं' होत होतं.

"मी नाही म्हणत लग्नात त्रिशरण," मी कुंपणाच्या भिंतीवरून काकांना सांगितलं. तोंडावर हात होताच.

"हात खाली! मेसेज रिपीट!"

मी पुन्हा सांगितलं.

"कावून? जिंदगीभर लोखंड सरळ केलं म्या, हे तं एवढुशी तार आहे. रोज संध्याकाळी पेपर घेऊन ये."

मग भिंतीशी शाळा भरली. "आधी थूक गिळ. मंग बोल. घाई कायची करून राहिली? गाडी सुटून राहिली का?" तापलेली सळई तपासावी तसे ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसत. सोन्याच्या भावापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं मी मोठ्याने वाचलं. 'श्रद्धांजली'ला त्यांचा चष्मा दोनदा पुसावा लागला.

लग्नात मी म्हटलं. हळू, पण स्वच्छ. सगळा विहार मागून म्हणत होता. पहिल्या रांगेत काका.

नंतर मी त्यांच्या पाठीमागून विचारलं, "काका, जमलं ना?"

ते वळलेच नाहीत. काकूंनी माझा दंड धरला. "मागून नोको बोलू, पोरी. मिलनं कान नेले त्यायचे. तोंड पाहून समजते त्यायले. कोणाले सांगत नाहीत. तू तोंडावर हात धरला, तं घरी येऊन म्हणत, 'एक हेच पोरगी बोलत होती माह्यासंग, आता तेही गेली.'"

मी समोर खुर्ची ओढून बसले. वरातीत नवरदेवाचा बूट कसा हरवला, जिलबी कोणी लपवली, सगळं सांगितलं, तारांसकट सगळे दात दाखवत. काका योग्य जागी हसत होते. मी श्वास घ्यायला थांबले.

"थांबली कावून?" ते म्हणाले. "बोल ना."