गाव न सांगणारी बाई

सल्ला फुकट मिळाला म्हणून वाईट ठरत नाही आणि वकिलाच्या खुर्चीतून आला म्हणून चांगला ठरत नाही, हे कोणताही विचारी माणूस मान्य करील. पण कोल्हापूर जिल्ह्यात सल्ल्याची प्रत ठरवण्याची पद्धत याहून शास्त्रशुद्ध आहे. सल्ला देणारा कोण, कुठला आणि कुणाचा कोण, एवढं कळलं की सल्ला ऐकण्याचीसुद्धा गरज उरत नाही. (हा प्रश्न जातीचा नसून निव्वळ ओळखीचा असतो, असं तो विचारणारे सांगतात.)

कृष्णात याला अपवाद नव्हता. शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहणारा हा गृहस्थ शहराबाहेरच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात चौदा वर्षं वजनकाट्यावर होता. ट्रक आला की वजन लिहायचं, पावती फाडायची, पुढचा ट्रक घ्यायचा. चौदा वर्षांत एका किलोचा घोळ झाला नाही, याचा त्याला मनापासून अभिमान होता. मग एका सोमवारी मालक हंबीररावांचे मेव्हणे काट्याच्या केबिनमध्ये आले. कृष्णात आकडा लिहीत होता, तो खुर्चीतून उठला नाही. मंगळवारी त्याला नोटीस मिळाली : 'मालकांच्या नातलगांसमोर आसनस्थ राहून शिस्तभंग केला, खुलासा सात दिवसांत द्यावा.' सोबत, त्याला लिहिण्याचे कष्ट नकोत म्हणून, 'कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने' असा टाइप केलेला राजीनामाही होता. खुशीची जागा, म्हणजे सहीची, तेवढी मोकळी ठेवली होती.

मुलगी स्नेहल कॉलेजात. तिनं त्याच संध्याकाळी कामगारांसाठीच्या एका मोफत हेल्पलाइनचा नंबर शोधला आणि फोन बापाच्या कानाला लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "राजीनाम्यावर सही करू नका. सात दिवसांच्या आत लेखी खुलासा द्या आणि त्याची पोच घ्या. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घरी ठेवा."

"बरं. म्याडम, तुमचं गाव कुठलं म्हणायचं?"

"सर, ते आम्हाला सांगता येत नाही. तुम्हीही तुमचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल."

कृष्णातनं फोन ठेवला. चौदा वर्षांची नोकरी चालली आणि या बाईला नावसुद्धा नको! हेल्पलाइनच्या कामगिरीचा गोषवारा असा : संभाषण चार मिनिटं, निघालेली ओळख शून्य, निघालेले पाव्हणे शून्य, चहा शून्य.

"आप्पा, बरोबर बोलत्यात की त्या," स्नेहल म्हणाली. "मी लिहून देतो खुलासा, आत्ता."

"गाव न सांगणारी बाई, तिचं काय ऐकायचं? उद्या उलटलं तर हुडकायचं कुठं तिला?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. (सल्लागार नंतर सापडला पाहिजे, म्हणजे त्याला शिव्या घालता येतात. सल्ला घेण्यामागचा हा मूळ उद्देश हेल्पलाइनवाल्यांच्या लक्षातच आलेला नाही.)

बुधवारी कृष्णात वकिलांकडे गेला. ॲडव्होकेट विजयसिंह यांचा पहिलाच प्रश्न होता, "कुठलं गाव?" कृष्णातला तिथंच निम्मी केस जिंकल्यासारखं वाटलं.

"राधानगरीकडं, सरवडं."

"आणि मामाचं?"

"सोळांकूर."

"सोळांकूर? आरं, माझी थोरली आत्या सोळांकुरात दिली की! म्हंजे आपण पावणंच!"

इथून कामानं वेग घेतला. बुधवारी आत्याचं घर निश्चित झालं : पाण्याच्या टाकीजवळचं, शाळेजवळचं नव्हे. शुक्रवारी असं सिद्ध झालं की आत्याच्या दिराची म्हैस एकदा कृष्णातच्या मामानं घेतली होती. (म्हैस लाथाळ निघाली होती, तो वाद दोन्ही पक्षांनी समजुतीनं मिटवला.) नोटीस दोन्ही दिवस टेबलावरच होती आणि तिच्यावर चहाचे कप होते. फीचं विचारल्यावर वकील रागावलेच. "पावण्याकडनं फी घेतली तर सोळांकुरात तोंड दावाय जागा ऱ्हाईल व्हय?" म्हणजे दोन्हीकडचा सल्ला फुकटच पडला, याची नोंद घ्यावी.

सोमवारी, मुदतीला एक दिवस उरला असताना, वकिलांनी कप उचलून नोटीस वाचली. मालकाचं नाव दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"हंबीरराव? आरं, ते तर माझ्या साडूचं थोरलं भाऊ! हे तर घरातलंच निघालं. घरात कुणी लेखी खुलासा देतंय व्हय?"

त्यांनी तिथूनच हंबीररावांना फोन लावला. दहा मिनिटं बोलणं झालं, त्यातली नऊ कुणाच्या तरी लग्नाबद्दल. ठरलं ते असं : कृष्णातनं हंबीररावांच्या मानाखातर राजीनाम्यावर सही करायची, आणि जरा थंड झालं की हंबीररावांनी त्याला परत घ्यायचं. पेन वकिलांचं होतं. कृष्णातनं सही केली. पोच मागायची त्याला लाज वाटली, कारण पाव्हण्यांकडं पोच मागणं शोभत नाही.

काट्याच्या खुर्चीत आता मेव्हणे बसतात. कुणीही आलं तरी उठत नाहीत, आकडा लिहीत नसले तरीही.

हे थंड होणं दोन महिने चालू आहे. कृष्णात रोज कामाच्या वेळेला आंघोळ करून तयार होतो आणि कुठं जायचं ते न सुचून दारात बसतो. स्नेहलला त्याचा राग येतो, आणि राग आला की रडू येतं. परवा तिनं पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला. या वेळी दुसऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "दबाव आणून सही घेतली असेल तर आणखी उशीर करू नका. आजच लेखी कळवा."

"कळवतो की," कृष्णात म्हणाला. "तेवढं आमच्या पावण्याला एकदा इच्यारतो."

वाचकांनी कृष्णातला हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी, मागे न बघता, एक छोटी परीक्षा द्यावी. पहिल्या बाईंनी त्याला मोलाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, ओळीनं, अगदी फुकट. त्या सगळ्या सांगा.

नाही आठवत? असू दे. कृष्णातच्या मामाचं गाव सांगा.